ट्रायको म्हणजे केस, पण कसला केस?

शाळेच्या पुस्तकात केशवाहिन्या आल्या तेव्हा त्यांत केस उगवलेले असतील असं कुणाच्या मनातही आलं नाही. केसासारखी बारीक नळी ती केशवाहिनी, हे न सांगता कळलं, कारण शब्द आपल्या ओळखीचा होता. (तोही लॅटिन केसावरूनच बेतलेला; ‘कॅपिलरी’तला ‘कॅपिलस’ म्हणजे केस.) ग्रीक शब्दांच्या बाबतीत ही सवलत मिळत नाही. लॅबच्या रिपोर्टवर ‘ट्रायकोमोनास’ असं छापून येतं, माणूस मोबाइलवर शोधायला बसतो, ‘ट्रायको म्हणजे केस’ एवढं हाती लागतं, शेजारी केसगळतीच्या जाहिराती झळकतात, आणि योनिमार्गातल्या संसर्गाचा डोक्यावरच्या केसांशी काय संबंध, हे कोडं पडतं.

संबंध काहीच नाही. ‘ट्रायको’च्या शब्दांत केस दोन तऱ्हांनी येतो. काही शब्दांत तो खराखुरा केस असतो: डोक्यावरचा, भुवईचा, पापणीचा. बाकीच्यांत केसासारखं दिसणारं काहीतरी असतं: बारीक जंत, जंतूची शेपटी, पानावरची लव. कुठल्या शब्दात कुठला केस आहे हे कळलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं शब्दाच्या मागच्या भागात असतं, आणि खरी बातमी बहुतेक वेळा तिथेच असते.

मूळ ग्रीक शब्द ‘थ्रिक्स’. त्याची षष्ठी ‘त्रिखोस’, म्हणजे केसाचा. एकाच शब्दाच्या रूपांत कधी थ, कधी त, हे विचित्र वाटेल, पण शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी हा प्रकार पाहिलेला आहे. ‘धा’ धातूचं रूप ‘धधाति’ न होता ‘दधाति’ होतं, ‘भू’चं ‘भभूव’ न होता ‘बभूव’. लागोपाठच्या अक्षरांत दोन महाप्राण आले की पहिला आपला ह-कार टाकून देतो. ‘थ्रिखोस’चं ‘त्रिखोस’ झालं ते याच नियमाने. ‘थ्रिक्स’मध्ये पुढच्या ‘स’ने ‘ख’ला आधीच ‘क’ करून टाकलेलं, म्हणून तिथे ‘थ’ वाचला. संस्कृत आणि ग्रीक दोन्हींना लागू पडणारा हा नियम १८६३ साली मांडला तो हेर्मान ग्रासमान या जर्मन गणितज्ञाने. पुढे याच माणसाने ऋग्वेदाचा शब्दकोशही तयार केला. देवनागरीत हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं रोमन लिपीत दिसत नाही, एवढा अभिमान आपण बाळगायला हरकत नाही. तर, शब्दाच्या सुरुवातीला ‘ट्रायको’ किंवा ‘ट्रिक’ आलं काय आणि शेवटी ‘थ्रिक्स’ आलं काय, घराणं एकच.

खऱ्या केसांपासून सुरुवात करू. ट्रायकोलॉजी म्हणजे केसांचा अभ्यास. इथे एक व्यवहाराची गोष्ट: ‘ट्रायकोलॉजिस्ट’ अशी पाटी लावणारा माणूस डॉक्टर असेलच असं नाही. वैद्यकीय पदवी घेऊन केसांचे आजार बघतो तो त्वचारोगतज्ज्ञ. ट्रायकोस्कोपी म्हणजे प्रकाश असलेल्या भिंगातून डोक्याची त्वचा आणि केस बघणं. त्यात सुई नाही, दुखणं नाही, आणि बरंच काही कळतं. चाई पडलेल्या जागेच्या कडेला मुळाशी निमुळते आणि टोकाकडे जाड असे आखूड केस दिसतात, अगदी उद्गारचिन्हासारखे, आणि डॉक्टर त्यांना उद्गारचिन्ह-केस असंच म्हणतात. गंमत म्हणजे केस जाण्याला जो शब्द आहे, अ‍ॅलोपेशिया, त्यात केस नाही. तो ग्रीक ‘अलोपेक्स’ म्हणजे कोल्हा यावरून आला. खरूज झालेल्या कोल्ह्याची लव झडते, त्यावरून.

केसाच्या दांड्यातच दोष असेल तर नावं लांबलचक होतात, पण उकलली की सोपी असतात. ट्रायकोऱ्हेक्सिस नोडोसा: ‘ऱ्हेक्सिस’ म्हणजे फुटणं, ‘नोडोसा’ म्हणजे गाठी असलेला. केसावर पांढुरके ठिपके दिसतात आणि केस नेमका तिथे मोडतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ठिपक्याशी केसाचे तंतू पिंजलेले असतात, दोन ब्रश एकमेकांत खुपसावेत तसे. पुष्कळदा हे अति उष्णता, रसायनं, जोरजोरात विंचरणं यांनी होतं. मोनिलेथ्रिक्समध्ये ‘मोनिले’ हा लॅटिन शब्द आहे, अर्थ गळ्यातली माळ. केस मण्यामण्यांचा दिसतो आणि दोन मण्यांमध्ये तुटतो. ट्रायकोथायोडिस्ट्रॉफीतला ‘थायो’ म्हणजे गंधक. केसांच्या प्रथिनात गंधक कमी पडलं की केस ठिसूळ होतो, आणि ध्रुवीकृत प्रकाशात बघितल्यास त्यावर एकाआड एक उजळ-काळे पट्टे दिसतात. हा जन्मजात आजार आहे, आणि केस हे त्याचं एक लक्षण आहे, सगळा आजार नव्हे.

आता ज्या शब्दाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे त्याकडे. ट्रायकोटिलोमेनिया. मधला तुकडा ‘तिल्लो’, म्हणजे उपटणं. १८८९ साली फ्रान्समधले त्वचारोगतज्ज्ञ हालोपो यांनी हे नाव दिलं. स्वतःचेच केस पुनःपुन्हा उपटले जातात, डोक्यावरचे, भुवयांचे, पापण्यांचे, आणि थांबवावंसं वाटूनही थांबवता येत नाही. सुरुवात बहुधा वयात येण्याच्या सुमारास होते. कधी वाचताना, टीव्ही बघताना हात नकळत डोक्याकडे जातो; कधी आत ताण साठत जातो आणि केस उपटल्यावरच मोकळं वाटतं. नावातल्या ‘मेनिया’ने या लोकांचं नुकसान केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या शब्दामुळे हे वेड आहे असं वाटतं, नाहीतर मूड टोकाला चढण्याच्या ‘मेनिया’शी त्याची गल्लत होते. आजच्या मानसोपचारात त्याची जागा ओसीडीच्या, म्हणजे तेच ते विचार आणि कृती पुनःपुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या, शेजारी आहे. २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी वर्गीकरणात तो त्याच गटात टाकला गेला. घरच्यांना ‘हात बांधून ठेव’, ‘जरा मनावर घे’ याशिवाय सुचत नाही, आणि त्याने लाज तेवढी वाढते. उपयोगी पडते ती सवय पालटण्याची वर्तनोपचार पद्धत. हात वर जायला निघतो तो क्षण ओळखायला शिकायचं, आणि त्या क्षणी हाताला दुसरं काम द्यायचं, उदाहरणार्थ मूठ घट्ट आवळून मिनिटभर धरायची. अझरिन आणि नन या दोन मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत १९७३ मध्ये मांडली. आजही पहिला उपचार तोच. चाई आणि हा आजार वेगळा कसा ओळखायचा? चाईची जागा गुळगुळीत असते. इथे वेड्यावाकड्या आकाराच्या जागेत वेगवेगळ्या लांबीचे तुटके केस उभे असतात.

उपटलेले केस काही जण खातात. त्याला ट्रायकोफेजिया म्हणतात. केस केराटिन या चिवट प्रथिनाचा बनलेला. जठराला तो पचत नाही. शिवाय तो गुळगुळीत, त्यामुळे पुढे ढकलला जाण्याऐवजी जठराच्या वळ्यांत अडकून राहतो. केसात केस, त्यात अन्नाचे कण, असं साठत साठत जठराच्याच आकाराचा घट्ट गोळा तयार होतो: ट्रायकोबेझोअर. मूळ केसांचा रंग कुठलाही असो, आम्लामुळे गोळा काळपट दिसतो. पोट लवकर भरल्यासारखं वाटणं, उलट्या, वजन घटणं, आणि पोटाच्या वरच्या भागात हाताला लागणारा कडक गोळा, ही लक्षणं. मोठा गोळा बहुधा शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. कधी त्याची शेपटी जठरातून लहान आतड्यात उतरते. त्या प्रकाराला लांब वेणीच्या परीकथेवरून रपुंझेल सिंड्रोम म्हणतात. ‘बेझोअर’ हा शब्द फारसी ‘पादज़हर’ यावरून आलाय, म्हणजे विषावरचा उतारा. आपलं ‘जहर’ ते हेच. प्राण्यांच्या पोटातले असे खडे विष उतरवतात अशी समजूत शतकानुशतकं होती आणि राजेरजवाडे ते जपून ठेवत. म्हणजे या शब्दाचा पुढचा अर्धा ग्रीक, मागचा अर्धा फारसी.

केस जास्त येण्याला हायपरट्रायकोसिस. बायकांच्या ओठांवर, हनुवटीवर, छातीवर पुरुषांसारखे केस येतात तो प्रकार निराळा, त्याला हर्सुटिझम म्हणतात. तिथे पुरुषी संप्रेरकांची तपासणी करावी लागते. हायपरट्रायकोसिस त्या संप्रेरकांवर अवलंबून नसतं आणि शरीरावर कुठेही होऊ शकतं. क्वचित ते जन्मजात असतं. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्रीच्या दरबारी असलेल्या पेत्रुस गोन्साल्वुसच्या चेहऱ्यावर दाट केस होते, आणि त्याच्या कुटुंबाची चित्रं ऑस्ट्रियातल्या आम्ब्रास किल्ल्यात आहेत. एरवी ते औषधांनीही होतं. त्यातलं एक मिनॉक्सिडिल. हे मूळचं रक्तदाबावरचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस उगवू लागले, आणि हाच दुष्परिणाम बाटलीत भरून डोक्याला लावायला मिळू लागला. अमेरिकेत त्याला १९८८ मध्ये परवानगी मिळाली. एकाचा हायपरट्रायकोसिस, दुसऱ्याचा उपचार.

ट्रिकायसिसमध्येही केस खराच, पण तो आहे पापणीचा. पापणीचे केस आतल्या बाजूला वळतात आणि प्रत्येक उघडझापीला डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर, कॉर्नियावर, घासतात. डोळ्यात सतत काहीतरी खुपतं, पाणी येतं, कॉर्नियावर ओरखडे आणि पुढे पांढरा डाग पडतो. खुपऱ्यांचा संसर्ग वारंवार झाला की पापणीच्या आत व्रण धरतो, व्रण आक्रसतो आणि पापणीची कड आत ओढली जाते. खुपऱ्यांनी दृष्टी जाते ती बहुतांशी या घासण्यामुळे. केस उपटले तर ते पुन्हा येतात, म्हणून कड बाहेर वळवण्याची छोटी शस्त्रक्रिया करतात.

ट्रायकोफायटॉन हा शब्द खऱ्या केसांच्या आणि केसासारख्यांच्या हद्दीवरचा. तो कागदावर दिसला तर अर्थ गजकर्ण किंवा नायटा करणारी बुरशी. नावाचा अर्थ ‘केसावरची वनस्पती’. १८४५ मध्ये हे नाव पडलं तेव्हा बुरशीची गणना वनस्पतींत होत असे. ही बुरशी केराटिन खाऊन जगते, आणि केराटिन केसात जसं असतं तसंच त्वचेच्या वरच्या थरात आणि नखांतही. म्हणून जांघेतल्या गजकर्णाच्या रिपोर्टवर केसाचं नाव येतं. यातल्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या प्रकाराने सध्या त्वचारोगतज्ज्ञांना बेजार केलंय, कारण टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला तो पुष्कळदा दाद देत नाही. त्यातच स्टेरॉइड मिसळलेली मलमं मनाने लावली की खाज थांबते आणि बुरशी आरामात पसरते.

आता केसासारखे जीव. १८३५ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेम्स पॅजेट हा २१ वर्षांचा, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी शवविच्छेदन करत होता. स्नायूंत वाळूच्या कणांसारखे पांढरे ठिपके होते. ते आधीही अनेकांनी पाहिलेले. त्यांनी सुऱ्यांची धार जाते, एवढीच तक्रार असे. पॅजेटने ठिपका भिंगाखाली धरला, तर आत वेटोळं घालून बसलेला बारीक जंत. जंताचं वर्णन करून नाव दिलं रिचर्ड ओवेन यांनी: ट्रिकिना स्पायरालिस, केसासारखा आणि वेटोळ्याचा. पुढे लक्षात आलं की ‘ट्रिकिना’ हे नाव आधीच एका माशीच्या वंशाला दिलेलं आहे, म्हणून १८९५ मध्ये ते ट्रिकिनेला झालं. हा जंत माणसात येतो कुठून, याचं उत्तर १८६० मध्ये ड्रेस्डेनला झेंकर यांनी दिलं: नीट न शिजवलेल्या डुकराच्या मांसातून. खाल्ल्यावर आतड्यात जंतांची पिल्लं होतात, रक्तातून स्नायूंत जातात आणि तिथे वेटोळं घालून बसतात. ताप, अंगदुखी, डोळ्यांभोवती सूज आणि रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असं चित्र दिसतं. मांस आतपर्यंत पूर्ण शिजलं तर धोका संपतो.

दुसरा जंत ट्रिक्युरिस ट्रिक्युरा, आणि त्याच्या नावात एक जुनी चूक कायमची बसली आहे. ‘ओउरा’ म्हणजे शेपूट. ट्रिक्युरिस म्हणजे केसासारख्या शेपटीचा. जंत चाबकासारखा दिसतो: एक भाग जाड मुठीसारखा, दुसरा लांब आणि केसाइतका बारीक. १७६१ मध्ये नाव देताना बारीक भाग म्हणजे शेपूट असं धरलं. प्रत्यक्षात ते तोंडाकडचं टोक निघालं! त्याच टोकाने जंत मोठ्या आतड्याच्या अस्तरात रुतून बसतो. जाड भाग मागे मोकळा लोंबत असतो. चूक लक्षात आल्यावर ट्रायकोसेफॅलस, म्हणजे केसासारख्या डोक्याचा, असं दुरुस्त नावही दिलं गेलं. पण प्राण्यांच्या नावांत आधी दिलेलं नाव टिकतं, अर्थ चुकीचा असला तरी. त्यामुळे जगभरच्या पुस्तकांत आजही या जंताचं डोकं शेपूट म्हणून नोंदलेलं आहे, तेही एकदा नाही तर दोनदा, कारण ‘ट्रिक्युरा’चा अर्थही तोच. जंत थोडे असले तर त्रास जाणवत नाही; फार झाले तर मुलांना रक्ताची कमतरता, शौचातून रक्त, आणि गुदाशय बाहेर येण्यापर्यंत प्रकार जातो. अल्बेंडाझोलच्या एका गोळीला बाकीचे काही जंत जसे दाद देतात तसा हा देत नाही.

आणि ट्रायकोमोनास, जिथून आपण निघालो. ‘मोनास’ म्हणजे एकटा, एकक. एकपेशीय जीवांच्या नावांत हा तुकडा नेहमी भेटतो. पॅरिसमध्ये आल्फ्रेड दोने यांनी १८३६ साली स्रावाच्या थेंबात हा जीव वळवळताना पाहिला. पुढच्या टोकाला चार बारीक कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठीच्या चाबकासारख्या शेपट्या, आणि पाचवी अंगालगत मागे वळलेली. नावातले केस म्हणजे या कशाभिका. ताज्या नमुन्यात हा जीव झटके देत फिरतो, त्यावरूनच तो ओळखतात. हा संसर्ग लैंगिक संबंधातून होतो, पुरुषांत बहुधा लक्षणं दिसत नाहीत, आणि मेट्रोनिडाझोलसारख्या औषधाने बरा होतो. अट एकच, दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं. एकट्या बाईला गोळ्या दिल्या तर संसर्ग फिरून परत येतो आणि दोष औषधावर जातो. इंग्रजीत याचा लघुशब्द ‘ट्रिक’, आणि ट्रायकोटिलोमेनियाचाही ‘ट्रिक’च. तिकडेही गोंधळ होतोच म्हणायचा.

जंतुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कशाभिकांचे हे केस पाठ करावे लागतात. एकच असेल तर मोनोट्रायकस, जसा पटकीचा जंतू. एका टोकाला झुबका असेल तर लोफोट्रायकस. दोन्ही टोकांना असतील तर अँफीट्रायकस. चहूबाजूंनी असतील तर पेरीट्रायकस, जसा ई. कोलाय, अजिबात नसतील तर अट्रायकस. शेवटच्यातला ‘अ’ आपल्या ‘अशक्य’मधला नकारच.

वनस्पतिशास्त्रात पाना-खोडावरची लव म्हणजे ट्रायकोम, आणि इथे मात्र रेंगाळावंसं वाटतं. खाजकुइलीची कुसं हे ट्रायकोम. त्यांत प्रथिनं तोडणारं विकर असतं, म्हणून आग होते. तुळशीचा वास पानावरच्या ग्रंथी असलेल्या ट्रायकोममधल्या तेलाचा. हिवतापावरचं आर्टेमिसिनिन ज्या आर्टेमिसियाच्या झुडपात तयार होतं, तिथेही ते याच ग्रंथींत बनतं. आणि कापूस? कापसाचा प्रत्येक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरच्या एकाच पेशीने काढलेला केस, दोन-तीन सेंटिमीटर लांब. पडवळाच्या वंशाचं नाव ट्रायकोसँथेस, केसाळ फूल. फुलाच्या पाकळ्यांच्या कडा झिरमिळ्यांसारख्या सुटलेल्या दिसतात, त्यामुळे नाव का पडलं हे विचारावं लागत नाही.

ट्रायकोडर्मा ऐकून नवख्याला त्वचेचा आजार वाटेल, कारण ‘डर्मा’ म्हणजे त्वचा. पण ही जमिनीतली बुरशी. शेतकरी तिला चांगलं ओळखतात, कारण ती मुळं कुजवणाऱ्या बुरशींना मारते. तिच्या एका भाईबंदाची कथा युद्धातली आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू कुजायला लागले. सॉलोमन बेटांवरच्या कुजक्या कापडातून एक बुरशी वेगळी काढली गेली, आणि एल्विन रीस या संशोधकाच्या नावावरून तिला पुढे ट्रायकोडर्मा रीसाय म्हणू लागले. सुती कापड म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोज तोडणारी विकरं ही बुरशी भरपूर बनवते. आज तीच विकरं कारखान्यात जीन्सला जुनाट रंगरूप द्यायला वापरतात. म्हणजे केसाच्या नावाची बुरशी कापसाचे केस खाते.

एक सावधगिरी. ‘ट्राय’ दिसलं की केस असेलच असं नाही. ट्रायग्लिसराइड, ट्रायसेप्स, हृदयातली ट्रायकस्पिड झडप, यांतला ‘ट्राय’ म्हणजे तीन. ट्रायकस्पिडमध्ये ‘ट्रायक’पर्यंत अक्षरं जुळतात, पण तोड ‘ट्राय’नंतर आहे: तीन टोकांची. फसवणारा शब्द गणितातला. दोन वास्तव संख्यांपैकी पहिली दुसरीपेक्षा लहान असते, समान असते किंवा मोठी असते, या नियमाला ट्रायकोटॉमी म्हणतात. तो केसाचा वाटतो, पण आहे तीन भाग करण्याचा. यात वाचकाचा दोष नाही: ग्रीकमध्ये ‘त्रिखा’ म्हणजे ‘तीन भागांत’, आणि ‘थ्रिक्स’ची द्वितीयाही ‘त्रिखा’च.